जजसाहेब चिठ्ठी वाचतील का?



गेल्या महिन्यात शाळा सुटताना एक आई आमच्याकडे आली. बोईसरच्या चाळीत राहणारी. तिचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. साडेतीन किलो गांजासह पकडला गेला तेव्हा वय 19. ती म्हणाली, "सर, पोरगा शाळेत चांगला होता, एवढं लिहून द्या. जजसाहेब वाचतील ना?"

उत्तर बरंचसं काट्यावर अवलंबून आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा 20 किलोपेक्षा जास्त असेल तर किमान 10 वर्षं सक्तमजुरी ठरलेली आहे. मग घरची गरिबी कितीही खरी असली तरी न्यायाधीश त्याखाली जाऊ शकत नाहीत. 2012 साली गुजरातच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने आरोपींची गरिबी आणि पहिलाच गुन्हा पाहून 15 वर्षांची शिक्षा 10 वर आणली. उलट 2021 साली पंजाबच्या गुरदेव सिंग यांच्याकडे 1 किलो हेरॉईन सापडलं होतं. आपण गरीब, घरात एकटेच कमावते, असं त्यांनी सांगितलं. कोर्टाने समाजाचं नुकसान मोठं मानलं आणि 15 वर्षं कायम ठेवली.

गांजा 1 ते 20 किलोच्या दरम्यान असेल तर शिक्षा 10 वर्षांपर्यंत होऊ शकते, पण किमान मर्यादा नाही. इथे मुलाचं बालपण तोलायला जागा आहे. गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं वेगळं ऐकावं लागतं. 1976 च्या संता सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही सुनावणी नावापुरती नको; घर, शिक्षण, परिस्थिती यांचे पुरावे मांडता आले पाहिजेत. म्हणून "चांगला होता" एवढं पुरत नाही, कागद लागतात. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

हाच मुलगा 17 चा असता तर बाल न्याय मंडळाने त्याच्या घराचा, शाळेचा, संगतीचा अहवाल स्वतःहून मागवला असता. 18 नंतर तो कागद कुणीतरी घेऊन जावा लागतो.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली एक घटना इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आहे. काही गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापली. उमर (रजि.) यांना वाटलं की मालक यांना उपाशी ठेवतो. उंटिणीची किंमत 400 दिरहम होती. त्यांनी मालकालाच 800 भरायला लावले. चोरी हलाल ठरली नाही, पण भुकेचा जाब भूक देणाऱ्यालाही द्यावा लागला.

गांजा विकणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. तो विकत घेणारी पोरंही कुणाच्या तरी घरचीच असतात. शिक्षा व्हावी, पण पूर्ण हकीकत ऐकून व्हावी.

चिठ्ठी लिहायला आम्ही जुनं हजेरीपत्रक काढलं. सहावीत असताना अब्बांचा इंतकाल. आठवीत गैरहजेरी वाढत गेली. नववीत नाव कमी केलं. त्या सगळ्या खुणा आमच्याच हातच्या होत्या, आणि त्या करताना आम्ही एकदाही त्याच्या घरी गेलो नव्हतो. चिठ्ठीत तारखा लिहिल्या, हे शेवटचं वाक्य लिहिलं नाही. ते इथे लिहितो.

आपल्या मोहल्ल्यात एखादं पोर आठवडाभर शाळेत दिसलं नाही, तर शिक्षकांनी, जमातीच्या लोकांनी, शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात त्याचं दार वाजवावं. कोर्टाला उशिरा कळतं. आपल्याला आधी कळलेलं असतं.