फडताळातलं इंग्रजी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, “लग्नाला बारा वर्षं झाली. मुलं इंग्रजी शाळेत जातात. मी रोज दुपारी वहीत वीस-वीस शब्द उतरवून पाठ करते आणि चार दिवसांत सगळे विसरते. या वयात डोकं चालत नाही असंच समजायचं का?”

मुळीच नाही! डोकं उत्तम चालतं, रीत तेवढी चुकते. पण रीत सांगण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती पदरात पडली तेव्हाच मला ही रीत सापडली.

सकाळी मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि गुरुवारी दुपारी आमच्या ओसरीवर पाच-सहा जणी इंग्रजी शिकायला जमतात. त्यांत मागच्या आळीतल्या एक वहिनी आहेत. एकदा त्यांच्या पायाच्या बोटाला ठेच लागली होती. त्या मोठ्या हौसेनं म्हणाल्या, “माय फिंगर इज पेनिंग.” मला हसू फुटलं. “अहो वहिनी, पायाला कुठलं फिंगर? पायाचं ते टो!” बाकीच्याही हसल्या. पुढचे दोन गुरुवार वहिनी आल्याच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग खाली मान घालून म्हणाल्या, “बाई, घरी मुलगा हसतो. तिकडे तुम्हीही हसलात. मग मी शिकायचं कुठे?”

मला काय बोलावं ते सुचेना. त्यांनी मग आणखीही एक सांगितलं. धाकट्याला सर्दी झाली होती. डॉक्टरांनी औषध एक टी-स्पून द्यायला सांगितलं होतं. स्पून म्हणजे चमचा एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वाढायचा मोठा चमचा भरून दिला. पोर दोन दिवस पेंगत राहिलं, तेव्हा डॉक्टरांकडे उलगडा झाला. टी-स्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबल-स्पून म्हणजे १५. एका नामाच्या मागे लागलेल्या छोट्याशा शब्दानं तिप्पट फरक! (औषध नेहमी बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणानंच द्यावं, हे जाता जाता लक्षात ठेवा.) पोराला पुढे काही झालं नाही, पण वहिनींच्या मनाला ते लागून राहिलं होतं. त्या इंग्रजी शिकायला आल्या होत्या त्या यासाठी, आणि मी मात्र हसून मोकळी झाले होते.

त्या दिवसापासून मी वह्या बाजूला ठेवल्या आणि आमचा वर्ग ओसरीवरून उचलून थेट स्वयंपाकघरात नेला.

का, ते सांगते. आपल्या आज्या-पणज्या कधी परदेशी भाषेच्या वर्गाला गेल्या होत्या का? पण बटाटा, कोबी, पाव, बादली, चावी, घमेलं हे सगळे शब्द मूळचे पोर्तुगीज. वस्तू घरात आली, तिच्या पाठोपाठ नाव आलं आणि हाताळता हाताळता ते मराठीच होऊन गेलं. यादी करून कुणी पाठ केलं नाही. नाम असंच येतं, वस्तूचं बोट धरून.

आणि ही देवघेव एकतर्फी नाही बरं का! इंग्रजांनी आपलं ‘मुंगूस’ उचललं आणि ‘माँगूस’ केलं. खाटेचं ‘कॉट’ झालं, चटणी तर तशीच्या तशी गेली. तेव्हा विळीला, पोळपाटाला इंग्रजीत काय म्हणतात म्हणून अडून बसू नका. ज्यांच्या घरात विळी नाही त्यांच्या भाषेत तिला नाव कुठून असणार? सरळ ‘विळी’ म्हणावं आणि दोन शब्दांत ती कशासाठी ते सांगावं.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, फोडणीपुरतंच आहे. कृष्णा, सांगली, सुमन ही विशेषनामं. नदी, गाव, मुलगी ही सामान्यनामं. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत काढतात, सामान्यनामाचं नाही. घरात दिवसभर आपल्या हाताखालून जातात ती जवळजवळ सगळी सामान्यनामंच, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची.

ती कशी करायची ते आता क्रमानं सांगते.

१. एका आठवड्याला एकच फडताळ. वीस शब्द रोज नकोत, आठवड्याला दहा पुरेत. पहिल्या आठवड्यात भांडी घ्या: झाकण म्हणजे लिड, किसणी म्हणजे ग्रेटर, लाटणं म्हणजे रोलिंग पिन, डाव म्हणजे लेडल, चाळणी म्हणजे सिव्ह, सुरी म्हणजे नाइफ. दुसऱ्या आठवड्यात मसाल्याचा डबा: हळद म्हणजे टर्मरिक, जिरं म्हणजे क्युमिन, मोहरी म्हणजे मस्टर्ड, मेथी म्हणजे फेन्युग्रीक, हिंग म्हणजे अ‍ॅसाफेटिडा. धने आणि कोथिंबीर, दोन्हींना कोरिअँडरच. बी म्हणायचं की पानं, तेवढं पुढे जोडायचं.

२. दार लावून आठवायचं. वही पुन्हा पुन्हा वाचली की वाटतं, सगळं येतंय. ते खरं नसतं. फडताळ बंद करा आणि आत काय काय आहे ते इंग्रजीत म्हणून पाहा. जे अडेल त्याच्यासाठीच दार उघडा. हेच दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं करा. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे शब्द चार दिवसांत पळत होते ते यामुळेच. त्यांना परत कुणी बोलावलंच नव्हतं.

३. नाम एकटं ठेवू नका. मराठीत ‘सुरी दे’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत मोजता येणारी एकच वस्तू असेल तर नामाआधी छोटा शब्द लागतो. म्हणून ‘नाइफ’ नव्हे, ‘अ नाइफ’ असंच पाठ करा. कांद्याला ‘अ‍ॅन अनियन’, कारण त्याची सुरुवात स्वरानं होते. इथे अक्षराला नव्हे, कानाला विचारायचं: छत्रीला ‘अ‍ॅन अंब्रेला’, पण गणवेशाला ‘अ युनिफॉर्म’, कारण तिथे ‘यु’ ऐकू येतो. तांदूळ, साखर, पीठ मोजायचं नसतं, मापायचं असतं. त्यांना ‘सम राइस’, ‘सम शुगर’.

४. अनेकवचन तिथल्या तिथे उरकून टाका. नाइफचं नाइव्ह्ज, लीफचं लीव्ह्ज, टूथचं टीथ. आपले केस ‘लांब आहेत’, पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’. उलट आपली कात्री एक, पण तिथे ‘सीझर्स’ कायम अनेकवचनी. फर्निचरला ‘एस’ लावायचाच नाही. नाइफ लिहिताना आधी मुका ‘के’ असतो आणि कोंब म्हणजे कंगवा लिहिताना शेवटी मुका ‘बी’, हेही याच वेळी डोळ्यांखालून घाला.

५. एकास एक जोडी लावू नका. ही माझ्या हसण्यातून मला मिळालेली शिकवण. आपल्याकडे हाताचं काय आणि पायाचं काय, बोट ते बोट. इंग्रजीत हाताचं फिंगर, पायाचं टो आणि हाताचा अंगठा थंब. आता दुसरी बाजू पाहा. आपण शेतातल्या पिकाला भात म्हणतो, मग तांदूळ आणि शिजला की पुन्हा भात. इंग्रजीत शेतात पॅडी, पुढे कच्चा काय नि शिजलेला काय, राइसच. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान या सगळ्यांना तिथे एकच अंकल! वहिनींचं ‘फिंगर’ म्हणजे अडाणीपणा नव्हता. त्या मराठी नियमानं बरोबरच बोलत होत्या. चूक कुठून येते हे कळलं की हसू येत नाही.

६. पुडे वाचा. हे पुस्तक तर फुकट घरी येतं. बिस्किटाच्या, शेवयांच्या, लोणच्याच्या वेष्टनावर घटकांची यादी छापलेली असते. आपल्याकडे ती वजनाच्या क्रमानं द्यावी लागते, सर्वांत जास्त असेल ते पहिलं. परवा आम्ही ‘पौष्टिक’ म्हणून मिरवणारा एक बिस्किटपुडा वाचला. पहिलं नाव रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, म्हणजे मैदा. त्याच्या पाठोपाठ शुगर. एकीनं पुडा तसाच खाली ठेवला. रव्याला सेमोलिना, तिळाला सेसमी, शेंगदाण्याला पीनट किंवा ग्राउंडनट. ज्यांच्या मुलांना शेंगदाणा सोसत नाही त्यांनी ही दोन नावं आजच पाठ करावीत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कुणी चुकली तर हसू नका, आणि स्वतः चुकलात तर गप्प बसू नका. मी माझ्या शिकवण्यात आता एक नेम ठेवलाय: चुकीचा शब्द आला की मी तेच वाक्य बरोबर शब्द घालून परत म्हणते आणि पुढे जाते. तेवढ्यानं पुरतं. घरातल्या मुलांनाही हेच शिकवा. आईला इंग्रजी येत नाही म्हणून हसणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा त्याला सोबतीला घ्यावं. त्यानं फडताळाचं दार उघडावं आणि आपण नावं सांगावीत.

वहिनींनी तेच केलं. गेल्या गुरुवारी सांगत होत्या, मुलगा चाळणी हातात धरून म्हणाला, “सांग हिचं नाव!” वहिनी म्हणाल्या, “सिव्ह.” त्यानं स्पेलिंग विचारलं. त्यांनी तेही सांगितलं, मधल्या ‘ई’सकट. मग त्यांनी सांडशी पुढे केली नि म्हणाल्या, “आता तू सांग.” त्याला येईना. दोघांनी मिळून शब्दकोशात शोधलं: टाँग्ज, कात्रीसारखंच अनेकवचनी.

तर भगिनींनो, या आठवड्याचा अभ्यास एवढाच: आपल्या घरातलं एक फडताळ निवडा, दहा नामं काढा आणि दार लावून आठवा. अडलेला शब्द लिहून मला कळवा. पुढच्या वेळी न्हाणीघर आणि कपड्यांचं कपाट घेऊ.