दोनदा येणारा सहावा दिवस

लीप वर्षाला इंग्रजीत 'बिसेक्स्टाइल' असा एक जुना, आता क्वचितच दिसणारा शब्द आहे. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'सेक्स्टस' म्हणजे सहावा. पण सहावा कुठून? रोमन लोक महिन्याच्या उत्तरार्धातले दिवस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजत, आणि मोजताना दोन्ही टोकं धरत. बोटांवर मोजून पाहा: १ मार्च, मग २८, २७, २६, २५ आणि २४ फेब्रुवारी. म्हणजे २४ फेब्रुवारी हा सहावा. इसवी सनपूर्व ४६ मध्ये ज्युलियस सीझरने पंचांग सुधारलं, तेव्हा जादा दिवस महिन्याच्या शेवटी न चिकटवता हा सहावाच दोनदा धरायचं ठरलं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते, कारण तिच्यामुळे पुढच्या एकाही दिवसाचं नाव बदलत नाही. आपल्याकडे तिथीची वृद्धी होते तेव्हा सलग दोन सूर्योदयांना तीच तिथी असते आणि पंचांगात ती दोनदा छापली जाते. कारण वेगळं, रूप तेच. इंग्लंडमध्ये तर १२५६ साली तिसऱ्या हेन्रीच्या काळात कायदाच झाला, की लीप वर्षातला जादा दिवस आणि त्याचा आदला दिवस मिळून एकच दिवस मानावा. फ्रेंच आणि इटालियन लोकांच्या रोजच्या बोलण्यात मात्र लीप वर्षाचं नाव आजही 'बिसेक्स्टाइल'चंच रूप आहे. २०२८च्या फेब्रुवारीचं पान उलटाल, तेव्हा २९ बरोबर २४ तारखेकडेही जरूर पाहा. जुना जादा दिवस तिथला आहे.