हुतूतूचा सौदा

गेल्या हिंवाळ्यांत परळच्या एका मैदानावर आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना पाहण्यास आम्ही आमच्या विद्यार्थ्यांसह गेलों होतों. खेळ सुरू होऊन पांच मिनिटें झालीं नसतील, तोंच गळ्यांत ओळखपत्र अडकविलेले एक गृहस्थ प्रेक्षकांच्या रांगांतून फिरूं लागले आणि ज्यांच्या हातीं फोन होते त्यांस ते खिशांत ठेवावयास सांगूं लागले. ह्या सामन्याच्या चित्रणाचे सर्व हक्क एका कंपनीस दिलेले आहेत, असें त्यांचें म्हणणें. आमच्या संघांतील एका मुलाचे वडील रात्रपाळी संपवून, घरीं न जातां, तसेच मैदानावर आले होते. त्यांनीं नम्रपणें विचारलें, "अहो साहेब, माझाच मुलगा खेळतो आहे. गांवीं त्याची आजी वाट पाहत बसली आहे. तिला दाखवायचें नाहीं का?" उत्तर मिळालें कीं, आजीबाईंनीं कंपनीची वर्गणी भरावी, म्हणजे त्यांस सगळा सामना बसल्या जागीं दिसेल. वडिलांनीं फोन खिशांत ठेविला. शेजारच्या पालकांनींहि ठेविला. कोणी भांडलें नाहीं. भांडण झालें नाहीं हें बरें झालें कीं वाईट, ह्याविषयीं आमचें मत अद्यापि ठरलेलें नाहीं.

परंतु तेव्हांपासून एक प्रश्न मनांत घोळत आहे. हौशी खेळ विकण्याचा अधिकार कोणास असतो? दागिना विकणारास तो आपल्या मालकीचा आहे असें दाखवितां येतें. हुतूतूचें तसें नाहीं. ज्यांनीं लालबाग-परळचें जुनें गिरणगांव पाहिलें आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. गिरणीचा भोंगा वाजल्यावर कामगार घरीं येत, मातीचें मैदान पाण्यानें शिंपीत, चुन्याच्या रेघा ओढीत, चार बांबूंस दिवे बांधीत आणि मध्यरात्रीपर्यंत सामने चालत. दिव्यांचा खर्च एकानें उचलावा, चुन्याचा दुसऱ्यानें, चहाचा तिसऱ्यानें, असा तो संसार असे. पंचास मानधन नसे. विजयी खेळाडूस मिळे ती एक ढाल, आणि गुडघ्या-कोपरांवरची सोललेली कातडी. दादरचें अमर हिंद मंडळ किंवा ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखाना ह्यांसारख्या संस्थांनीं हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढें एकामागून एक गिरण्या मिटल्या, चिमण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. तरीहि खेळ टिकला, तो ह्या मंडळांच्या हट्टामुळें. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं हा खेळ परक्यांस करून दाखविला, तोहि हौसेनेंच. आणि १९७२ सालीं जी अखिल भारतीय संस्था निघाली, तिचें नांवच मुळीं भारतीय हौशी कबड्डी महासंघ असें आहे. नांवांतला हा 'हौशी' शब्द शोभेसाठीं नाहीं. ज्यांनीं मोबदला घेतला नाहीं त्यांच्या श्रमांची ती पावती आहे.

२६ जुलै २०१४ रोजीं गिरणगांवापासून हांकेच्या अंतरावर, वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहांत, प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. मातीच्या जागीं रंगीत मॅट आली, बांबूंवरच्या दिव्यांच्या जागीं नाटकगृहासारखा झगमगाट आला. त्या वर्षीं लिलावांत सर्वांत अधिक बोली राकेश कुमार ह्यांस लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ सालीं पवन सेहरावत ह्यांस लागलेली बोली २ कोटी ६० लाखांच्या घरांत गेली. स्पर्धा भरविणाऱ्या कंपनीचा ७४ टक्के हिस्सा २०१५ सालीं स्टार ह्या दूरचित्रवाणी कंपनीनें घेतला, आणि २०२१ सालीं पांच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क त्याच स्टारनें सुमारें ९०८ कोटी रुपयांस घेतले. म्हणजे घर बांधणारा, घर विकणारा व घर घेणारा बहुतांशीं एकच! असो.

ह्यांत सारेंच वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं उत्तम खेळाडूची मोठ्यांत मोठी आकांक्षा म्हणजे रेल्वेंत, पोलिसांत किंवा एखाद्या बँकेंत नोकरी लागावी, एवढीच असे. आतां त्यास खेळाच्या बळावर घर बांधतां येतें. आमच्यासारख्या मिशन शाळांतून ह्या खेळाकडे पाहून नाक मुरडलें जात असे, हें कबूल केलें पाहिजे. आज निवडीच्या दिवशीं क्रिकेटइतकींच मुलें कबड्डीसहि येतात, ही त्या झगमगाटाचीच कृपा. दूरचित्रवाणीनें खेळ बिघडविला असें म्हणणाऱ्या कित्येक जुन्या मंडळींशींहि आमचें जुळत नाहीं. चढाईस ३० सेकंदांची मर्यादा, आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरींत गुण आणलाच पाहिजे हा नियम, ह्यांमुळें खेळांतील रेंगाळणें गेलें. आम्हांस तें आवडतें.

तक्रार निराळी आहे. विकत घेणारा आपल्या सोयीचें तेवढेंच घेतो. २०१२ सालीं पाटण्यास स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा भारतानें जिंकली. त्या संघांत अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ व सुवर्णा बारटक्के ह्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. त्यानंतर चार वर्षांनीं, २०१६ सालीं, पुरुषांच्या लीगबरोबर स्त्रियांचेहि तीन संघ करून सामने दाखविण्यांत आले. अंतिम सामना २४ विरुद्ध २३ असा, एका गुणानें सुटला. ह्याहून चुरशीचा खेळ कोणता असावयाचा? तरीहि त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झाला नाहीं. आमच्या शाळेंतील मुलींनीं त्या महिन्यांत घरोघर ते सामने पाहिले होते, आणि पुढच्या वर्षीं कित्येकींनीं विचारलें कीं, सर, आमचे सामने कधीं लागणार? कंपनीस दोष देण्यांत अर्थ नाहीं. व्यापाऱ्यानें नफा पाहावा हें स्वाभाविकच आहे. परंतु पुरुषांचा खेळ हवा असेल तर स्त्रियांचाहि दाखवावा लागेल, ही अट घालणें विकणाऱ्याच्या हातीं होतें. आपण जें विकतों त्याचे विश्वस्त आहों, ही जाणीव ज्यास आहे तोच अशी अट घालतो. मालक समजणारा केवळ आंकडा पाहतो.

विश्वस्त हा शब्द आम्ही भावनेच्या भरांत योजिलेला नाहीं. १९९३ सालीं हिरो चषकाच्या क्रिकेट सामन्यांचें चित्रण बंगालच्या क्रिकेट संघटनेनें एका परदेशी कंपनीस दिलें, त्यावरून सरकाराशीं वाद उपस्थित होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत आदि न्यायाधीशांनीं असें ठरविलें कीं, ज्या लहरींवरून चित्र व ध्वनि जातात त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यांवर सरकारची मक्तेदारी नाहीं, तशीच कोणा खाजगी धनिकाचीहि नाहीं. पुढें २००७ सालीं कायदा होऊन, राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरलेल्या सामन्यांचें प्रक्षेपण दूरदर्शनबरोबर वांटून घेणें खाजगी वाहिन्यांस भाग पडलें. म्हणजे मोठ्या सामन्यांपुरतें तरी सामान्य माणसाचें दार उघडें राहिलें. परळच्या मातीवरील मुलांसाठीं असा कायदा नाहीं. तेथें जी काय राखण व्हावयाची ती संस्थांच्या विवेकानेंच व्हावयाची.

कोणी म्हणेल, वर्गणी ती किती? २०१९ च्या फेब्रुवारींत वाहिन्या निवडून पैसे भरण्याची पद्धति आली, त्या वेळीं स्टारच्या मुख्य क्रीडावाहिनीस महिना १९ रुपये व वर कर, एवढाच दर होता. खरें आहे. पण कबड्डी एका दारीं, २०२२ पासून खो-खोची मोठी स्पर्धा दुसऱ्या दारीं, क्रिकेट कधीं तिसऱ्या दारीं, अशीं दारें वाढत गेलीं म्हणजे चाळींतील कुटुंबास कोणतें तरी एक दार बंद करावेंच लागतें. आणि बंद होतें तें बहुधा आजीचें.

हा पेंच आमच्याच वांट्यास आला आहे असें नाहीं. आयर्लंडांत १८८४ सालीं स्थापन झालेली गेलिक खेळांची संघटना आजहि हौशी आहे. ८० हजार प्रेक्षकांपुढें खेळणारा तेथला खेळाडू दुसऱ्या दिवशीं शाळेंत शिकविण्यास किंवा दुकानांत बसण्यास जातो. ह्या संघटनेनें २०१४ सालीं आपल्या अजिंक्यपद-स्पर्धेचे १४ सामने केवळ स्काय ह्या पैसे भरून पाहण्याच्या वाहिनीस दिले, तेव्हां मोठा गहजब झाला. ज्यांनीं आयुष्यभर मैदानें झाडलीं, मुलांचे गणवेश धुतले, त्यांनाच घरबसल्या सामना दिसूं नये, हें लोकांस रुचलें नाहीं. २०२२ नंतर स्काय त्यांतून बाहेर पडली. त्याच्या पुढच्याच वर्षीं संघटना व तेथील सार्वजनिक वाहिनी ह्यांनीं मिळून कांहीं सामने स्वतःच वर्गणीवर दाखविण्यास आरंभ केला, तेव्हां तीच तक्रार पुन्हां उठली. तथापि तेथें गांवोगांवचे क्लब हेच संघटनेचे घटक असल्यामुळें ह्या सौद्यावर वार्षिक सभेंत उघड वाद व मतदान होऊं शकलें. आमच्याकडे तर कबड्डी महासंघाची निवडणूकच २०१८ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें रद्द करून कारभार प्रशासकाच्या हातीं दिला. लालबागच्या मंडळानें आपला प्रश्न विचारावा तरी कोणास?

तेव्हां विक्रीच नको असें आम्ही म्हणणार नाहीं. मॅटला पैसे लागतात, जखमी गुडघ्यास पैसे लागतात, आणि नुसत्या हौसेवर चालणाऱ्या संस्थांत भुकेला खेळाडू आपण पुष्कळ पाहिला. मोठ्यांचे सामने खुशाल विकावेत. मात्र सौद्याचा कागद जिल्हा-संस्थांपुढें वाचला जावा, आलेल्या रकमेंतून मातीच्या मैदानांकडे व मुलींच्या संघांकडे किती गेलें त्याचा हिशेब छापून निघावा, आणि अंतिम सामना तरी फुकट दिसावा. शालेय सामन्यांचा मामला मात्र निराळा. शाळकरी मुलानें कोणाशीं करार केलेला नसतो. त्याच्या खेळाचा एकाधिकार विकणारे आपण कोण?

येथें एक गोष्ट आठवते. १९८८ च्या फेब्रुवारींत आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यांत दादरच्या शारदाश्रमाच्या दोन मुलांनीं सेंट झेवियर शाळेविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. त्या खेळाचें चलच्चित्र नाहीं. कंपनीचा कॅमेरा शाळेच्या स्पर्धेस आला तर तो अंतिम सामन्यास येतो, आणि तो सामना उपान्त्य होता. अशा दिवशीं चित्र राहिलेंच तर तें एखाद्या बापाच्या फोनांत राहील, आणि त्या बापासच आपण फोन खिशांत ठेवावयास सांगत आहों.

यंदाच्या स्पर्धेचा प्रवेश-अर्ज गेल्या महिन्यांत आमच्याकडे आला. त्यांत चित्रणाच्या हक्कांचें एक नवें कलम आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या संमतीनें आम्हीं त्या कलमासमोर शाईनें लिहिलें कीं, पालकांस आपल्या मुलांचें चित्रण करण्यास व तें घरीं पाठविण्यास मोकळीक असेल तरच ही शाळा भाग घेईल. अर्ज पाठवून तीन आठवडे झाले. उत्तर नाहीं. मुलें रोज सायंकाळीं पांच वाजतां सराव करीत आहेत. कलमास हात लावतां येणार नाहीं असें उत्तर आलें, तर संघ पाठवावा कीं पाठवूं नये, हें पालकांनीं आम्हांस लेखी कळवावें.