पत्रा ठोकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

कापडाच्या धंद्यात गाडी ही आता गल्ल्याइतकीच गरजेची वस्तू झाली आहे. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याला इचलकरंजीहून माल आणायचा, शिरोळ-कुरुंदवाडला पोहोचवायचा आणि सांगली-मिरजेला वसुलीस जायचे, तर गाडीशिवाय भागत नाही. डिझेल गाड्यांबाबत एक तक्रार सर्रास ऐकू येते. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, उभ्या जागी इंजिन थरथरते आणि समोर पिवळा दिवा पेटतो. मिस्त्री म्हणतो, "ईजीआर वॉल्व्ह जाम झालाय." पाठोपाठ इलाजही सांगतो, "पत्रा मारून बंद करून टाकू, पुन्हा कटकट नको." या इलाजाविषयी आम्हाला व्यापारी बंधूंशी आणि गॅरेजवाल्या कारागिरांशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आधी हा वॉल्व्ह करतो काय, ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूचा थोडा भाग तो पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आत प्राणवायूचे प्रमाण घटते आणि जळणाची आंच कमी राहते. आंच फार वाढली की हवेतील नायट्रोजन व प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनचे विषारी वायू तयार होतात. ते छातीला बाधतात, दम्याच्या रोग्याला तर फारच. हे वायू रोखणे एवढेच या वॉल्व्हचे काम. गाडीची ताकद वाढवणे हे त्याचे काम नाही. म्हणूनच ज्यांचा हात ऑइल इंजिनावर आणि जुन्या जीपगाड्यांवर बसला, अशा अनेक उस्तादांना तो बिनकामाचा वाटतो. त्यांनी शिकलेल्या इंजिनात तो नव्हताच.

आता तो जाम का होतो? डिझेलच्या धुरातली काजळी आणि इंजिनातून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की डांबरासारखा थर बसतो. इंजिन नीट तापण्याआधीच बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्या, गोदामासमोर तासन्‌तास चालू ठेवलेली गाडी, तुंबलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर, भलतेच ऑइल या सर्वांनी तो थर वाढतो. आपल्या धंद्यातली बरीच धाव अशीच असते. वॉल्व्ह उघडा अडकला तर गाडी दम टाकते, धूर सोडते, आंबा घाटाच्या चढावर तर हे चांगलेच जाणवते. बंद अडकला तर गाडी बहुधा बरी चालते, फक्त दिवा पेटतो, आणि विषारी वायू मात्र वाढलेला असतो.

अशा वेळी पहिले काम स्कॅनर लावून घेण्याचे. ‘पी ०४०१’ हा कोड आला तर वायू कमी फिरतो आहे, ‘पी ०४०२’ आला तर गरजेपेक्षा जास्त. पण कोड फक्त लक्षण सांगतो. फाटलेली नळी, तुटलेली वायर, बिघडलेला सेन्सर किंवा तुंबलेला मार्ग, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. म्हणून कोड पाहताच नवा वॉल्व्ह मागवणेही चूक आणि पत्रा मारणेही चूक. बहुतेक वेळा वॉल्व्ह थंड इंजिनावर उतरवून क्लीनरने व मऊ ब्रशने साफ केला, विजेच्या भागाला द्रव लागू दिला नाही, पुढचा मॅनिफोल्ड पाहिला आणि नवे गॅस्केट घातले की काम होते. बऱ्याच गाड्यांत त्यानंतर स्कॅनरने वॉल्व्हची नव्याने ओळख करून द्यावी लागते. कूलंट कमी होत असेल आणि खाली थेंब दिसत नसेल, तर या वॉल्व्हसोबतचा कूलर तपासून घ्यावा. २०१८ साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटल्या, तेव्हा दोष याच कूलरच्या गळतीत निघाला होता.

आमच्या दुकानाच्या गाडीलाही एका गॅरेजात पत्र्याचाच सल्ला मिळाला. आम्ही तो घेतला नाही. दुसऱ्या कारागिराने अर्ध्या दिवसात वॉल्व्ह साफ करून दिला, निघालेली काजळी कागदावर घेऊन दाखवली आणि एअर फिल्टर बदलायला सांगितले. गाडी पूर्ववत झाली.

पत्रेवाले म्हणतात, "पत्रा मारल्यावर धूर कमी होतो, पीयूसी पास होते, मग बिघडले कुठे?" खोच इथेच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे वायू मोजत नाहीत. म्हणजे दिसणारा धूर घटतो आणि न दिसणारे विष वाढते. सरकारने मानके कडक केली ती याच विषासाठी. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज चारमध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन वायूंची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहामध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवा सुधारण्याची गरज असलेल्या शहरांत कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही नावे आहेत. आपले गाव या दोहोंच्या मध्ये वसले आहे. हे विष दुसऱ्या कोणाच्या नव्हे, आपल्याच मुलांच्या छातीत जाते.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) प्रमाणे प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली किंवा चालवू दिली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाद होऊ शकतो. ‘चालवू दिली’ हे शब्द मालकासाठीच आहेत.

मोठ्यांनी हेच केले तेव्हा जगाने त्याला काय म्हटले? २०१५ साली फोक्सवॅगन कंपनी पकडली गेली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता वायू कमी दाखवणारी करामत तिने गाडीच्या संगणकात बसवली होती. त्या वर्षी भारतातील सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला आवर घातला, ही गोष्ट वेगळी. आणि ‘इंजिन तुंबू नये म्हणून आम्ही हे करतो’ ही सबब? ती युरोपच्या न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी अशाच एका खटल्यात फेटाळली. कंपनीने संगणकातून केले तर लबाडी आणि आम्ही पत्र्याच्या तुकड्याने केले तर दुरुस्ती, हा कुठला न्याय?

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा. पत्रा मारलेली गाडी आज ना उद्या विकली जाते. घेणाऱ्याला कोणी सांगते काय? थानात आतल्या घडीला डाग असेल, तर तो उलगडून दाखवायचा आणि मगच भाव बोलायचा, ही आपल्या पेढीची रीत. ऐब झाकून माल खपवला तर पैसा येतो, बरकत येत नाही. कापडाला एक न्याय आणि गाडीला दुसरा, असे होऊ शकत नाही.

गॅरेजवाल्या बंधूंना आमचे सांगणे एवढेच. पत्र्याने एका गिऱ्हाइकाचे एका दिवसाचे काम मिळते, साफसफाईने ते गिऱ्हाईक कायमचे जोडले जाते. स्कॅनर शिका, जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवा, केलेले काम बिलावर लिहा. नव्या गाड्यांत पत्रा मारला की संगणक ते ओळखून दिवा लावतो, कधी ताकदही कापतो. मग तेच गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाते आणि परत येत नाही. व्यापाऱ्यांनीही मजुरी देताना हात आखडू नये. अर्ध्या दिवसाच्या मेहनतीला पत्र्याचा भाव दिला, तर कारागीर पत्राच मारणार.