पंप बदलण्याआधी

स्किड स्टिअर लोडरचा पंप ओरडू लागला की तो बदलावा, हा गेल्या अंकातील लेखाचा सल्ला खिसा रिकामा करणारा आहे. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाईपची क्लिप ढिली असली, तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि ओरडतो. बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून संशय येत नाही. तेल बाटलीत काढून ठेवा: फेस बसून ते स्वच्छ झाले तर हवा, ताकासारखे पांढरटच राहिले तर पाणी.

तेल तापते म्हणून लेखक थेट रिलीफ व्हॉल्व्हवर घसरले. आधी कूलर पाहा. धूळ आणि तेल मिळून त्याच्या जाळीवर गोधडी बसते. बकेट शेवटाला टेकल्यावरही लिव्हर दाबून धरणारे ऑपरेटर तर तेल उकळतातच!

माझ्याकडे पंपासाठी आलेला मागचा लोडर एका क्लिपवर गप्प झाला.

– एक मेकॅनिक