'कम्युनिकेशन' नावाची चाळणी

"कोडिंग येत नाही? हरकत नाही, बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हा." अशा जाहिराती पुण्यात दिसतात, औरंगाबादेत दिसतात, चेन्नईत वेलाचेरीच्या क्लासेसच्या गल्ल्यांत तर भिंतभर दिसतात. घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या, बी.कॉम., बी.एस्सी. किंवा साध्या कॉलेजातून इंजिनिअरिंग केलेल्या आपल्या मुलामुलींना ही ओळ लगेच भिडते. ओळ खोटी नाही, अर्धी आहे. या कामाला कोडिंग लागत नाही हे बरोबर. त्याऐवजी जे लागतं असं सांगितलं जातं त्याला 'कम्युनिकेशन' म्हणतात. कोड चालतो किंवा चालत नाही, त्याची परीक्षा मशीन घेतं. 'कम्युनिकेशन'ची परीक्षा समोर बसलेला माणूस घेतो, आणि त्याला स्वतःसारखं जे वाटेल त्याला तो चांगलं म्हणतो.

मी हे काम चेन्नईत ओएमआरवर नऊ वर्षं करतो आहे, म्हणून आधी ते काय आहे ते सरळ सांगतो. समजा, एका बँकेला कर्जाचा अर्ज ऑनलाइन घ्यायचा आहे. आज तो अर्ज कसा येतो, कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, कोणाची सही खरी आणि कोणाची नुसती नावाला, नाकारला तर कुठल्या पायरीवर नाकारतात, हे सगळं विचारून काढायचं. त्याचा नकाशा करायचा. मग नवीन पद्धत कशी असावी ते लिहायचं, डेव्हलपरला कळेल असं आणि बँकेच्या मॅनेजरला पटेल असं. शेवटी जे बनलं ते मागितल्यासारखंच आहे का ते तपासून घ्यायचं. थोडं एसक्यूएल, बऱ्यापैकी एक्सेल आणि लिहिण्याची शिस्त लागते. बाकी सगळं काम एका प्रश्नावर उभं आहे. वरच्या खुर्चीतल्या माणसाला विचारायचं, "हे तुम्ही असं का करता?"

जातीच्या समाजात हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा हे आधीच ठरलेलं असतं. ज्या घरात बाप पोराला "तुझं मत काय?" असं विचारत आला, त्या घरातला पोरगा मॅनेजरपुढे पाय ताणून बोलतो. जिच्या बापाला तलाठ्यापुढे उभ्यानेच बोलावं लागलं, ती मुलगी आधी समोरच्याचा चेहरा वाचते आणि मग तोंड उघडते. माझ्या मते दुसरी जास्त चांगली अ‍ॅनालिस्ट होते, कारण समोरचा काय सांगत नाही ते तिला कळतं. पण इंटरव्ह्यूच्या कागदावर तिच्या नावापुढे 'कॉन्फिडन्स कमी' असं लिहिलं जातं, आणि पायताण्याच्या नावापुढे 'क्लायंटसमोर उभा करता येईल' असं.

हे काही आयटीने आणलेलं नवं खूळ नाही. बडोद्याच्या नोकरीत शिपाई फायली लांबून टाकत, राहायला जागा मिळेना, म्हणून १९१७ साली बाबासाहेब मुंबईला परतले. पोट भरण्यासाठी जे जे केलं त्यात एक फर्म होती, शेअर आणि रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार त्या मुंबईत असे कितीसे होते? सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली आणि फर्म बंद झाली. पुढे १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर काही सहकाऱ्यांना त्यांचं पाण्याचं भांडं खुपलं. त्याच माणसाने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ काढला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे चलनावर साक्ष दिली. बाबासाहेबांचं 'कम्युनिकेशन' कमी पडलं होतं का? आपल्या जयंतीच्या भाषणांत घटना येते, चवदार तळं येतं, पण ही बंद पडलेली फर्म फारशी येत नाही. सल्ल्याचा धंदा करायला निघालेल्या प्रत्येक पोराने ती लक्षात ठेवावी, कारण तिथे आकडे चुकले नव्हते.

"ते दिवस गेले" म्हणणाऱ्यांसाठी आकडे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्टेवेल यांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले होते. पात्रता तीच, अनुभव तोच, फक्त आडनाव वेगळं. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचं गुणोत्तर सवर्ण आडनावाच्या तुलनेत ०.६७ निघालं, मुस्लिम नावाचं त्याहून खाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर मॅनेजरांना विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही फक्त मेरिट पाहतो. आणि त्यातलेच बहुतेक म्हणाले, उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' आम्ही जरूर विचारतो. बाप काय करतो, भाऊ काय शिकला, गाव कुठलं. मेरिट बापाच्या धंद्यावरून मोजायचं असेल तर परीक्षा तरी कशाला घेता? वरच्या मजल्याचं चित्र २०१२ च्या एका अभ्यासात आलं. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के सवर्ण, आणि अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के.

आता चेन्नई. इथे आलेला मराठी पोरगा पहिल्या आठवड्यात खूश असतो. आडनावच नाही! १९२९ च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेपासून पेरियारांच्या चळवळीने जातीची शेपटं नावावरून उतरवली, आणि आज फॉर्मवर बापाच्या नावाचं आद्याक्षर पुरतं. कांबळे, सोनकांबळे, वाघमारे ऐकून कोणाच्या भुवया हलत नाहीत. सरकारी नोकरी आणि शिक्षणात ६९ टक्के आरक्षण, तेही १९९४ पासून घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवलेलं. आपल्याला वाटतं, सुटलो.

दुसऱ्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये प्रश्न येतो, "मराठी? म्हणजे रायर का?" तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या देशस्थांमुळे मराठी माणूस म्हणजे ब्राह्मण असा इथल्या बऱ्याच जणांचा हिशेब असतो. 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न गावाचा, त्यापुढचा मांसाहाराचा, आणि मग हळूहळू टेबल बदलतं. मायलापूर, वेस्ट माम्बलम भागात भाड्याच्या घराला 'फक्त शाकाहारी' अशी पाटी असते, तिचा अर्थ पालेभाजीपुरता नाही हे आपल्याला पुणेकरांनी शिकवलेलंच आहे. नाव पुसलं तरी विचारायची सवय पुसली गेली नाही. हे मी पेरियारांना कमी लेखायला लिहीत नाही. त्यांनी जे केलं त्याच्या शतांशही आपल्याकडे झालं नाही. पण त्यांच्या चळवळीने सरकारी दारं उघडली, तेव्हा आधीपासून शिकलेला वर्ग खासगी दारांकडे सरकला. अजंता सुब्रमण्यन यांचं 'द कास्ट ऑफ मेरिट' हे २०१९ चं पुस्तक आयआयटी मद्रासच्या आधाराने हेच दाखवतं, की आरक्षणाच्या राज्यात सवर्णाने स्वतःच्या जातीला 'गुणवत्ता' हे नवं नाव कसं दिलं. फुलर आणि नरसिंहन यांनीही चेन्नईच्या सॉफ्टवेअर व्यवसायात तमिळ ब्राह्मणांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त असल्याचं नोंदवलं आहे.

आणि हे 'खासगी' तरी कुठे खासगी आहे? तरमणीचं टायडेल पार्क २००० साली उघडलं. टायडेल हे नावच टिडको आणि एल्कॉट या दोन सरकारी महामंडळांवरून आलं. सिरुसेरीचं आयटी पार्क सिपकॉटचं, म्हणजे राज्य सरकारचं. शोलिंगनल्लूरचं सेझ एल्कॉटचं. २००५ च्या सेझ कायद्याने निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं शंभर टक्के करमाफी दिली. जमीन सरकारची, रस्ता सरकारचा, कर माफ, आणि भरतीचा विषय निघाला की "आम्ही खासगी आहोत."

त्याच रस्त्यावर, थोरैपाक्कमला, कण्णगी नगर आहे. शहराच्या मधल्या भागातल्या, नदीनाल्यांच्या काठच्या वस्त्या उठवून २००० पासून तिथे आणून टाकलेली पंधरा हजारांहून जास्त कुटुंबं. त्यात दलित मोठ्या संख्येने. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारे अ‍ॅनालिस्ट आणि मागच्या गेटने आत येणाऱ्या हाउसकीपिंगच्या अक्का एकाच बिल्डिंगमध्ये काम करतात. जात आत घ्यायची नाही असं कोणी म्हणत नाही. झाडू घेऊन घेतात.

चाळणीची भोकं कशी पाडलेली आहेत तेही बघा. फ्रेशर घेताना कितीतरी कंपन्यांची अट असते, दहावी, बारावी, पदवी सलग ६० टक्के, आणि शिक्षणात मोठा 'गॅप' नको. बारावीनंतर वर्षभर ऊसतोडीला किंवा बापाच्या जागी कामाला गेलेला पोरगा तिथेच गळतो. त्याच वर्षी कोटाला बसून दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्याचं वर्ष मात्र 'तयारी' ठरतं. मग येतं रेफरल. कंपनी कर्मचाऱ्याला सांगते, ओळखीचा माणूस आण, बोनस घे. ओळखी कुठून येतात? शाळेतून, सोसायटीतून, मामा-मावशीकडून. ज्या ऑफिसात आधी आपली माणसं नाहीत तिथे रेफरलने ती कधीच येणार नाहीत. यात कोणालाही शिवी द्यावी लागत नाही, कोणाच्या मनात वाईट असावं लागत नाही. म्हणून हे जास्त टिकाऊ आहे.

या सगळ्यावर क्लासवाल्यांचं उत्तर, पन्नास-साठ हजार भरा. ते भरू नका. आईचं मंगळसूत्र ठेवून तर अजिबात नको. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे कंपनीचा मेल तुम्हाला फॉरवर्ड करणं. 'दोन वर्षांचा अनुभव लावून देतो' म्हणणाऱ्याच्या तर दारातही उभं राहू नका. खोटा अनुभव पडताळणीत पकडला जातो तेव्हा क्लासवाला फोन उचलत नाही, आणि काळ्या यादीत नाव तुमचं जातं. प्रमाणपत्र घ्यायचंच असेल तर आयआयबीए या संस्थेचं ईसीबीए आहे, त्याला अनुभवाची अट नाही. सीबीएपीला साडेसात हजार तासांचा अनुभव लागतो, तेव्हा ते फ्रेशरला विकणारा थापा मारतो आहे हे ओळखा. नोकरी मिळाली की मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि इंटरव्ह्यूला जाताना फूड डिलिव्हरी अ‍ॅपची नक्कल घेऊन जाऊ नका, ती सगळेच घेऊन येतात. तुमच्याकडे त्याहून मोठं प्रोजेक्ट आहे. भारत सरकार शिष्यवृत्ती. अर्ज महाडीबीटीवर भरला, कॉलेजच्या लॉगिनला अडकला, तिथून समाजकल्याण, तिथून आधार जोडलेलं बँक खातं. कुठल्या पायरीवर अर्ज परत येतो, क्लार्क सुट्टीवर गेला तर काय होतं, फी भरली नाही म्हणून हॉलतिकीट कोण अडवतं, हे तुम्ही पाच वर्षं अंगावर काढलं आहे. किंवा जात पडताळणी घ्या. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नोंद, नसेल तर काय चालतं. ज्याला कंपनीत 'बिझनेस रूल' म्हणतात तो हाच. आजची प्रक्रिया एका पानावर काढा, चार पानांत सुधारलेली लिहा, प्रत्येक अटीपुढे ती पाळली गेली हे कसं तपासणार ते लिहा. ज्यांच्या पणजोबांची नोंद कोणी मागितली नाही, त्यांना हे दस्तऐवज लिहिता येणार नाहीत.

कोणी म्हणेल, त्यात जात उघड होईल. होईल. आडनाव झाकून जगणाऱ्या कोणालाही मी दोष देत नाही, घरभाडं आणि घरचे हप्ते कोणाला चुकले आहेत? पण उघड करायची जबाबदारी आपल्या एकट्यावर का? २०२० च्या जूनअखेर कॅलिफोर्निया राज्याने एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून सिस्कोवर दावा लावला. तो पुढे किती रखडला ते वेगळं. तिथे निदान दावा लावणारं एक सरकारी खातं होतं. इथे ओएमआरवर एखाद्याला भरतीत जातीवरून डावललं तर त्याने कुठल्या खिडकीत अर्ज द्यायचा? घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे, आणि खासगी भरतीतल्या जातिभेदावर सर्वसाधारण कायदाच नाही. २००४ च्या किमान समान कार्यक्रमात खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय होता. उद्योगसंघटनांनी तो ऐच्छिक आचारसंहितेवर आणून थंड केला.

म्हणून मागणी साधी ठेवू या. ज्या कंपनीला सरकारी जमीन, करमाफी किंवा सरकारी कंत्राट मिळालं तिने दरवर्षी भरतीचे आकडे जातनिहाय छापावेत, किती अर्ज आले, किती बोलावले, किती घेतले आणि त्यातले किती रेफरलने. स्त्रियांचे आकडे या कंपन्या वार्षिक अहवालात कौतुकाने छापतात, रकाना करायला त्यांना येतो. जातीचा रकाना आला की 'कम्युनिकेशन'मध्ये कोण किती नापास होतं ते समोर येईल, आणि मग आरक्षणाची चर्चा आकड्यांवर करता येईल. तोवर इंटरव्ह्यूच्या शेवटी ते विचारतात ना, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा विचारा, "मागच्या वर्षी या टीममध्ये घेतलेल्यांपैकी किती जण रेफरलने आले?" अ‍ॅनालिस्टच्या कामाचाच प्रश्न आहे, कोणी हरकत घेऊ शकत नाही. उत्तर काय येतं ते तारखेसकट लिहून ठेवा.