घामाची गोष्ट, रक्ताचा शेवट

नारुतो आणि नेजी यांची लढत हा ‘नारुतो’ या मालिकेचा खरा पाया आहे. नेजी ह्यूगा घराण्यातला, पण धाकट्या पातीचा. थोरल्या पातीची राखण करायची आणि वेळ आली तर तिच्यासाठी मरायचं, एवढंच या पातीच्या वाट्याला आलेलं. तिने बंड करू नये म्हणून लहानपणीच कपाळावर शापाचं चिन्ह उमटवलं जातं. नेजीच्या वडिलांनी थोरल्या जुळ्या भावाच्या जागी मरण पत्करलं होतं. माणसाचं काय होणार हे जन्मालाच ठरतं, हे नेजी स्वतःच्या घरातल्या मरणावरून शिकलेला आहे. त्याच्यासमोर उभा आहे नारुतो: आईबाप नसलेला, गावाने वाळीत टाकलेला, स्वतःची प्रतिरूपं उभी करण्याची विद्या न जमल्यामुळे निन्जाच्या परीक्षेत नापास झालेला. ही लढत तो जिंकतो ती त्याच प्रतिरूपाच्या विद्येवर. जी गोष्ट आपल्याला सगळ्यांत कमी जमत होती तिच्याच जोरावर आपण इथे उभे आहोत, हे तो नेजीला सांगतो आणि नेजीच्या कपाळावरची सक्ती पहिल्यांदा सैल होते. मालिकेने प्रेक्षकाला दिलेला शब्द हा होता. पुढे एकामागून एक आलेल्या कलाटण्यांनी तो मोडला, असं माझं म्हणणं आहे. ते रागाने मांडलेलं नाही. ज्या कथेवर मनापासून प्रेम केलं तिच्याकडे मागितलेला तो हिशेब आहे.

मासाशी किशिमोतो यांची मूळ मांगा ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात 1999 ते 2014 अशी पंधरा वर्षं चालली. तिची 700 प्रकरणं झाली, 72 खंड निघाले. त्यावरून पियेरो स्टुडिओने केलेलं ॲनिमे 2002 मध्ये सुरू झालं आणि 2017 मध्ये संपलं. पहिल्या मालिकेचे 220 भाग, पुढच्या ‘शिप्पुदेन’चे 500. एवढ्या लांबीची कथा पाहणारा माणूस तिच्याबरोबर मोठा होतो. त्यामुळे शेवटाकडे येणाऱ्या धक्क्याला तो नुसता दचकत नाही, आजवर आपण जे पाहिलं त्याचा अर्थ काय होता, हे पुन्हा तपासायला लागतो. कलाटणीची कसोटी इथेच लागते. चांगली कलाटणी मागे जाऊन आधीचे प्रसंग अधिक खोल करते. वाईट कलाटणी आधीच्या प्रसंगांचं मोल कमी करते. ती अनपेक्षित होती की आधीच ओळखू आली होती, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे.

या मालिकेला उत्तम कलाटणी जमत नव्हती असं कोणी म्हणू नये. इताची उचिहाचं सत्य हा ती जमत होती याचाच पुरावा आहे. नारुतोचा मित्र आणि प्रतिस्पर्धी सासुके याच्या थोरल्या भावाने, इताचीने, एका रात्रीत सगळं घराणं कापून काढलं, एवढंच आपल्याला बराच काळ माहीत असतं. सासुके त्याचा सूड घेतो, इताची मरतो आणि मग कळतं की ही कत्तल गावाच्या सत्ताधाऱ्यांच्या हुकमाने झाली होती. उचिहांचं बंड आणि त्यातून पेटणारं युद्ध टाळण्यासाठी इताचीने स्वतःच्या माथी कलंक घेतला आणि धाकट्या भावाला तेवढं जिवंत ठेवलं. हे कळल्यावर आधीचं सगळं वेगळं दिसू लागतं. लहानपणी सासुकेच्या कपाळावर दोन बोटं टेकवून त्याला ‘पुन्हा कधीतरी’ म्हणणारा भाऊ, तिसऱ्या होकागेच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या मृत्यूनंतर अचानक गावात दिसलेला इताची, मरताना कपाळावर टेकलेली तीच बोटं. एकही प्रसंग खोटा ठरत नाही, उलट प्रत्येकाचं वजन वाढतं. शिवाय या सत्याने सासुकेला कुठलीही सोय करून दिली नाही. त्याचा सूड व्यर्थ ठरला आणि पुढे कोणावर राग धरायचा हा प्रश्न अधिकच अवघड झाला. पात्राची वाट कठीण करते ती खरी कलाटणी.

नारुतोच्या बाबतीत मात्र प्रत्येक गौप्यस्फोट त्याची वाट सोपी करत गेला. आधी कळलं की तो चौथ्या होकागेचा, मिनातोचा मुलगा आहे. इथवर तक्रार नाही. केसांच्या रंगापासून खुणा पेरलेल्या होत्या आणि मुलाच्या पोटात राक्षसी कोल्हा कोंडणारा बापच होता, या सत्यात वेदनाही होती. पुढे महायुद्धात हागोरोमो, म्हणजे सगळ्या निन्जांचा आद्यपुरुष, नारुतोला भेटतो आणि सांगतो की तू माझ्या धाकट्या मुलाचा, आशुराचा अवतार आहेस आणि सासुके थोरल्याचा, इंद्राचा. तळहातावर शक्तीची खूण मिळते आणि काही क्षणांत नारुतो देवांच्या पंक्तीला जाऊन बसतो. हे कधी घडतं तेही पाहावं. त्याच वेळी रणांगणावर माइट गाइ या युद्धातल्या मुख्य शत्रूशी, मदाराशी झुंजत असतो. हा रॉक लीचा गुरू. लीला तर निन्जांची नेहमीची कुठलीच विद्या येत नाही, दोघांची भिस्त अंगमेहनतीवर. आयुष्यभर गाळलेल्या घामाच्या बळावर गाइ शरीराचं आठवं द्वार उघडतो आणि अजिंक्य मदाराला मरणाच्या दारात नेऊन उभं करतो. घामाची गोष्ट तिच्या शिखरावर पोचते आणि नेमक्या त्याच क्षणी कथा तिच्याकडे पाठ फिरवून अवताराकडे जाते. नेजी तोवर गेलेला असतो. नारुतो आणि थोरल्या पातीतल्या हिनाताला वाचवताना त्याने प्राण दिलेले असतात. ज्याने आपल्याला शिकवलं की नशीब जन्मालाच लिहिलेलं नसतं, त्याचं नशीब शेकडो वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं, हे नेजीला कधीच कळलं नाही. या मालिकेतली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच.

जन्माचं रहस्य हे साधन मुळात वाईट नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कर्ण आपल्या मनात इतका खोल रुजला आहे की 1967 साली आलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ची पारायणं अजूनही होतात. युद्धाच्या तोंडावर त्याला कळतं की तो सूतपुत्र नसून कुंतीचा थोरला मुलगा आहे. पण या सत्याने त्याच्या भात्यात एक बाणही वाढत नाही. समोर उभे आहेत ते आपले भाऊ आहेत, हे ओझं तेवढं वाढतं आणि ते घेऊनच तो दुर्योधनाच्या बाजूने उभा राहतो. जन्मापासून अंगावर असलेली कवचकुंडलं तर त्याने आधीच देऊन टाकलेली असतात. कर्णाच्या कथेत रक्ताचं सत्य माणसाकडून काहीतरी मागून घेतं, नारुतोच्या कथेत तेच सत्य माणसाला सगळं बहाल करतं. इंद्र आणि असुर ही नावं बौद्ध परंपरेबरोबर इथूनच जपानला पोचली. देवदानवांच्या वैराची ती गोष्ट परकी नाही आणि दरिद्रीही नाही. पण एखादी पुराणकथा पायाशी असणं वेगळं आणि कळसावर आयत्या वेळी आणून बसवणं वेगळं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की नारुतो सामान्य कधी नव्हताच, नऊ शेपट्यांचा कोल्हा त्याच्या पोटात पहिल्या दिवसापासून होता. नेजीशी लढतानाही त्याने त्याची ताकद वापरली. खरं आहे. पण तो कोल्हा ही देणगी म्हणून आला नव्हता. त्याच्यामुळेच गावाने मुलाला दूर लोटलं आणि त्याची पूर्ण ताकद मिळवायला नारुतोला त्याच्याशी झगडावं लागलं, मग मैत्री करावी लागली, त्याचं नाव विचारावं लागलं. लादलेल्या ओझ्याचं बळ करणं ही कमाई आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: आशुरा हा स्वतःच अंगी काही नसलेला, इतरांच्या मदतीने आणि कष्टाने मोठा झालेला धाकटा भाऊ होता, मग त्याचा अवतार असणं म्हणजे कष्टाचाच गौरव नाही का? वरवर पटणारा हा युक्तिवाद नीट पाहिला तर उलटतो. कष्टाळूपणाच जर गेल्या जन्मातून आला असेल, तर हार न मानण्याचं श्रेय नारुतोचं उरत नाही. त्याच्याकडे जे खास त्याचं होतं, तेही वारशात जमा होतं. मालिकेकडे वारशाची याहून सुंदर कल्पना आधीपासून होती. नारुतो हे नावच त्याचा गुरू जिराया याने लिहिलेल्या कादंबरीतल्या नायकाचं. ते पुस्तक, त्या गुरूची शिकवण आणि आधीच्या पिढीने पुढच्या पिढीच्या हाती द्यायची ‘अग्नीची इच्छा’ हा तो वारसा. रक्ताचं नातं नसलेल्यालाही तो घेता येतो आणि घेतल्यावर पेलावा लागतो.

दुसरी कलाटणी कागुयाची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मदारा सगळ्या जगाला एका सुखस्वप्नात झोपवू पाहतो. त्याचा मार्ग भयंकर आहे, पण त्यामागे विचार आहे: माणसं जागी असेतो युद्धं थांबणार नाहीत. त्याआधी नागातो या दुसऱ्या शत्रूने द्वेषाच्या साखळीचा प्रश्न नारुतोसमोर ठेवला होता, तोही आईबापांच्या मरणातून आलेला. या माणसांशी वाद घालता येत होता, आणि मालिका मोठी झाली ती या वादांमुळे. पण कथा संपायला वीस-बावीस प्रकरणं उरलेली असताना मदाराचा हस्तक समजला जाणारा काळा झेत्सू त्याच्याच पाठीत हात खुपसतो, हागोरोमोची आई कागुया अवतरते आणि कळतं की उचिहांच्या शिलालेखात झेत्सूने फेरफार केले होते, इंद्राला भरीस त्यानेच घातलं होतं, शतकानुशतकांचं वैर त्याने आपल्या आईला परत आणण्यासाठी घडवलं होतं. कागुयाला मांडायला विचार नाही, म्हणून नारुतोला द्यायला उत्तरही उरत नाही. तिला फक्त बंदिस्त करायचं असतं. त्याहून मोठं नुकसान जबाबदारीचं होतं. सगळं शकुनीने घडवलं असं एकदा म्हटलं, की द्यूतसभेत मान खाली घालून बसलेल्या वडीलधाऱ्यांचा दोष पुसला जातो. तसंच इथे झालं. गावांनी लहान मुलांना युद्धात ढकललं, सत्ताधाऱ्यांनी एका घराण्याचा बळी दिला, हे सगळं माणसांनी केलं होतं आणि म्हणूनच माणसांना सुधारता येणार होतं. झेत्सूने ते पाप स्वतःकडे ओढून घेतलं आणि त्यामुळे ते हलकं झालं.

साप्ताहिकात दर आठवड्याला पानं द्यायची, वाचकांच्या पसंतीवर टिकायचं, पंधरा वर्षं कथा ताणायची. अशात सगळं आधी ठरवणं कोणाला जमेल, असं किशिमोतोंची बाजू घेणारे म्हणतात. त्या श्रमाबद्दल मला आदर आहे. पण घाईचं कारण कळलं म्हणून चूक बरोबर ठरत नाही, आणि दुसरी वाट शक्य होती हे हिरोमु आराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ने दाखवलं आहे. ती मासिकातली, 27 खंडांची, म्हणून बरीच आटोपशीर, हे मान्य. तरी तिथेही बापाचं प्रचंड रहस्य आहे, तिथेही पूर्ण देशाचा इतिहास पडद्याआडच्या एकाने रचलेला निघतो. फरक एवढाच की तो सूत्रधार माणसांच्या लोभावर आणि आज्ञाधारकपणावर चालतो, त्यामुळे सैनिकांना स्वतःच्या हातांवरचं रक्त नाकारता येत नाही. आणि नायक एडवर्डला बापाकडून कुठलीही दैवी शक्ती मिळत नाही. शेवटी भावाला परत आणण्यासाठी तो स्वतःची विद्याच देऊन टाकतो. काही मिळवायचं तर काही द्यावं लागतं, हा पहिल्याच भागात दिलेला शब्द शेवटच्या भागात पाळला जातो.

चाहत्यांना आपल्या मनासारखं झालं नाही की ते रुसतात, हाही एक आरोप आहे. पण इताचीचं सत्य कोणाच्याच मनासारखं नव्हतं. ते आतून हलवून गेलं आणि तरीही चाहत्यांनी ते उराशी धरलं. मुखवटाधारी शत्रू म्हणजे मेला समजला जाणारा ओबितो असणार, हे कित्येकांनी आधीच ओळखलं होतं आणि अंदाज खरा ठरल्याने त्या प्रसंगाचं दुःख कमी झालं नाही. नाराजी अंदाज चुकल्याची नाही, शब्द मोडल्याची आहे. ही मुलांची मालिका आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं उलट सांगणं आहे. आपण अमुक घरात जन्मलो नाही म्हणून आपल्याला काही जमणार नाही, ही भीती मनात घर करते ती त्याच वयात. त्या वयाच्या मुलाला दिलेला शब्द मोठ्यांना दिलेल्या शब्दापेक्षा जास्त जपायला हवा.

आणि ही मालिका तो जपू शकत होती, हे तिच्या शेवटच्या लढतीतच दिसतं. कागुया गेल्यावर नारुतो आणि सासुके पूर्वी जिथे लढले होते त्या जुन्या दरीत समोरासमोर येतात. लढत लढत दोघांची उसनी शक्ती सरत जाते. शेवटी उरतात ते थकलेले दोन अनाथ मुलगे आणि मुठी. दोघांचाही एकेक हात तुटतो, दोघंही उठू शकत नाहीत, आणि तुला त्रास होताना पाहिलं की मलाही होतो, एवढं साधं उत्तर सासुकेला अखेर पटतं. त्या क्षणाला इंद्राची गरज नाही, आशुराची नाही, कागुया राजकन्येची तर मुळीच नाही. पाण्याच्या काठाशी एकटे बसणाऱ्या ज्या दोन पोरांनी एकमेकांना दुरून पाहिलं होतं, ती पोरं पुरेशी होती. माझी निराशा एवढीच आहे की कथेने त्यांच्यावर शेवटपर्यंत भरवसा ठेवला नाही. आणि ती निराशा इतकी टिकून आहे, याचं कारण नेजीसमोर उभ्या राहिलेल्या त्या नापास मुलावर माझा अजूनही पूर्ण भरवसा आहे.